धोंड्याच्या महिन्यातली चढण

मी एक लाल गाडी आहे. दोनच माणसांची. मागे सीट नाही, डिकीत एक पिशवी जेमतेम मावते आणि डोक्यावर पत्र्याऐवजी कापडी छप्पर आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी गोव्यातल्या एका छोट्या कारखान्यात मला हातानं जोडलं. माझ्यासारख्या थोड्याच निघाल्या आणि मग तो कारखानाच बंद पडला. तेव्हापासून माझा एखादा भाग मोडला की दुसऱ्या गाडीचा घासूनपुसून बसवावा लागतो.

माझा पहिला मालक हैदराबादचा एक हौशी तरुण होता. दोन वर्षं त्यानं मला मिरवलं, मग तो परदेशी निघून गेला. मी त्याच्या वडिलांच्या इमारतीच्या तळघरात धूळ खात उभी राहिले. लोक माझ्या बॉनेटवर पिशव्या टेकवून चपला घालत. एका पावसाळ्यात तळघरात पाणी भरलं, ते माझ्या दारापर्यंत आलं, तेव्हा पाणी उपसायला गुडीहत्नूर गावाहून केशवराव आले.

केशवरावांचं गुडीहत्नूरला हायवेलगत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान. नातेवाइकानं बोलावलं म्हणून ते तेवढ्या लांब आले होते. दोन दिवसांत तळघर कोरडं केलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यापुढे उकिडवे बसले. मग मालकाला म्हणाले, "मजुरी राहू द्या साहेब. ही गाडी कितीले देता?"

टेम्पोत घालून त्यांनी मला घरी आणलं. रुख्मिणीबाई दारात आल्या आणि कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या.

"अवो, घरात माणसं चार अन् गाडी दोघांची? बाकीच्यायनं का पायी यावं?"

"तू अन् मी जाऊ," केशवराव म्हणाले.

"मी नाय बसत बाप्पा हिच्यात. जमिनीले टेकून चालते ते."

तरी त्यांनीच तांब्यातून पाणी आणून माझ्या चाकांवर घातलं आणि हळदीकुंकू लावलं. एवढं माझं कौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

निर्मल गावाच्या अलीकडे एक जुना घाट आहे. नवा रस्ता झाल्यापासून तिथं माकडं आणि सागाची पानं एवढीच वर्दळ. हैदराबादच्या हौशी मंडळींचा एक क्लब वर्षातून एकदा परवानगी काढून हा घाट बंद करवतो आणि चढणीची शर्यत लावतो. एका वेळी एकच गाडी सोडतात. पुढे कुणी नसतं, मागे कुणी नसतं. खालच्या रेषेपासून वरच्या रेषेपर्यंत अडीच किलोमीटर, अकरा वळणं, आणि घड्याळ. प्रत्येकाला दोन फेऱ्या मिळतात, त्यातली चांगली धरतात.

केशवरावांनी मला चालती केली आणि सात वर्षं त्या घाटावर नेलं. नंबर कधी आला नाही. मधेच कुठंतरी नाव असायचं. पण वर पोचल्यावर ते इंजिन बंद करून माझ्या स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसायचे, लवकर उतरायचे नाहीत.

त्यांच्याबरोबर धाकटी मुलगी तेजस्विनी यायची. मोठी रंजीता कधी आली नाही, तिला मळमळायचं. तेजस्विनी दहावीत असल्यापासून माझ्या पोटाखाली शिरून नट आवळायची. पुढे केशवरावांचे गुडघे धरले आणि क्लच दाबताना ते दात आवळू लागले. एका सकाळी त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः बाजूच्या सीटवर बसले. तिसऱ्या वळणावर तिनं मला असं वळवलं की मलाच माझं वजन जाणवलं नाही. केशवराव म्हणाले, "हे तुले कोणी शिकवलं?" ती म्हणाली, "तुमीच. तुमी जिथी चुकता, तिथी मी नाय चुकत."

त्यावर ते इतके हसले, की डोळे पुसावे लागले.

यंदा क्लबनं जाहीर केलं, की छोट्या इंजिनांच्या गटात जो पहिला येईल, त्याला कोईमतूरला सहा महिने राहून शर्यतीचं ड्रायव्हिंग शिकायला मिळेल. तेजस्विनी चोवीस वर्षांची झालेली. घरात तिच्या लग्नाचं चाललं होतं. रंजीताचे यजमान, जावई भूषणराव, यांनी आपल्या ओळखीतलं स्थळ आणलं होतं. चार दिवस घरात यावरून भांडणं झाली. शेवटी रुख्मिणीबाईंनीच तोडगा काढला.

"पहिली आली तं जा म्हणा कोईमतूरले. लग्न वर्षभर थांबवू, मी शब्द देते. नाही आली, तं हे गाडी घरातून जाईल अन् तू पोराकडच्यायले होकार देशील. मंजूर हाये?"

"मंजूर," तेजस्विनी म्हणाली.

माझ्याबद्दल ठरत होतं आणि मी पडवीत उभी होते. मला कुणी विचारलं नाही, ते ठीकच. पण मला भीती वाटली नाही. मला तिचे पाय ठाऊक होते.

शर्यतीचा रविवार नेमका अधिक महिन्यात आला. धोंड्याचा महिना, तीन वर्षांतून एकदा येतो. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला जेवायला बोलवायचं, तेहतीस अनारसे ताटात घालून द्यायचे आणि तो मागेल ते हसून द्यायचं. त्याच रविवारी दुपारी भूषणरावांचं जेवण ठरलं होतं. रुख्मिणीबाई आणि रंजीता घरी अनारसे तळत होत्या. भूषणराव मात्र निर्मलहून सकाळीच थेट घाटावर आले. त्यांचा निर्मलला फोटोस्टुडिओ आहे. बरोबर मोबाईल धरायला एक मित्रही होता.

ऊन तापायच्या आत उरकायचं म्हणून साडेसहालाच सुरुवात झाली. तेजस्विनीची पहिली फेरी दोन मिनिटं एकोणीस सेकंदांत झाली. गटात दुसरी. पहिला होता तो दोन मिनिटं सतरा.

ती खाली आली आणि हेल्मेट काढत म्हणाली, "बाबा, तिसऱ्या वळणावर मी लवकर ब्रेक मारला. तीन सेकंद तिथीच पडून हायेत. मी पायी जाऊन पाहून येते."

दुसऱ्या फेरीला दीड तास होता. ती वळण बघायला रस्त्याच्या कडेकडेनं वर चालत गेली. चांगले चालक असं करतात, वळण पायांनी मोजतात.

ती दिसेनाशी झाली आणि भूषणराव माझ्याजवळ आले.

"मामाजी, किल्ली द्या ना. एक चक्कर मारतो. याले एक रील काढायची हाये."

केशवराव गडबडले. "आता? जवाईबापू, तिची एक फेरी बाकी हाये अजून. मग घ्या ना, दिवसभर घ्या."

"मी का घाटात चाललो? खालच्या तळ्याच्या चढावर जातो अन् दहा मिनिटांत येतो." मग हसून मित्राकडे पाहत ते म्हणाले, "पाह्य रे, धोंड्याच्या महिन्यात सासरे किल्ली देत नाही म्हणते!"

मित्र हसला. आजूबाजूचे दोघंचौघंही हसले. केशवरावांचा हात खिशात गेला. तो बाहेर आला तेव्हा त्यात किल्ली होती.

मी तेव्हा ओरडले असते, तोंड असतं तर.

भूषणरावांकडे आपोआप गिअर बदलणारी गाडी आहे. डावा पाय कुठं ठेवायचा हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो क्लचवर ठेवून दिला आणि तिथंच राहू दिला. तळ्याच्या चढावर त्यांनी मला थांबवलं. ब्रेक नाही, हँडब्रेक नाही, अर्धा क्लच आणि अर्धं ॲक्सिलरेटर यांच्यावरच मला चढाला लटकवून धरलं. मित्र मोबाईल घेऊन पुढे उभा.

"आवाज येऊ दे ना बे! अजून!"

"थांब, चष्मा घालतो."

एकदा घेतलं. ऊन तोंडावर येतं म्हणून पुन्हा घेतलं. मग मित्राला बसवून तिसऱ्यांदा घेतलं. माझ्या पोटात इंजिनाचा जोर चाकांपर्यंत नेणारी क्लचप्लेट घासत होती, तापत होती, जळत होती. दोन वर्षं शोधून तेजस्विनीनं ती प्लेट मिळवली होती. तशी दुसरी कुठं नव्हती. पण भूषणरावांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. ते खुशीत शीळ घालत होते. वाईट हेतू असता तर निदान कुणीतरी त्यांना बोललं असतं.

मला परत आणून लावलं. केशवराव जवळ आले आणि जागीच थांबले. पंपाच्या जळलेल्या वाइंडिंगांत, मोटारीतल्या तारांच्या वेटोळ्यांत, आयुष्य गेलेला माणूस तो. कोणता वास कशाचा, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भूषणरावांकडे पाहिलं आणि विचारलं, "पाणी घेता का, जवाईबापू?"

तेजस्विनी घामानं निथळत परत आली.

"बाबा, हा वास कशाचा येऊन राह्यला?"

"कशाचा? ऊन किती हाये, पाह्यतं का? समद्याच गाड्यायचा येऊन राह्यला."

"गाडी कोणी नेली होती काय?"

"नाय व. तू बस. तुझा नंबर आला."

तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला. का ठेवू नये? बाप होता. त्यांनी खरं सांगितलं असतं तर तिनं मला जपून सोडलं असतं, एकेक गिअर सांभाळून घेतला असता. कदाचित तिला ते तीन सेकंद तरीही मिळाले असते. पण झेंडा खाली आला आणि तिनं मला पूर्ण ताकदीनं सोडलं, कारण मी धड आहे असंच तिला वाटत होतं.

तिसरं वळण तिनं अगदी मनासारखं घेतलं. ते तीन सेकंद तिनं उचलले, मी शपथेवर सांगते. चौथं गेलं. पाचव्यानंतर खडी चढण लागते. तिथं तिनं ॲक्सिलरेटर दाबला, माझं इंजिन किंचाळलं आणि चाकं मात्र मंदावत गेली. तिनं गिअर उतरवला. पुन्हा नुसता आवाज. मग मी थांबले आणि मागे घसरू लागले. तिनं हँडब्रेक ओढला.

"चल," ती म्हणाली. "चल ना व माय, सहाच वळणं हायेत."

नाही गेले मी. जाऊ शकले नाही.

क्लबच्या लोकांनी मला ढकलून कडेला लावलं. त्यांच्यातला एक केशवरावांना म्हणाला, "क्या हुआ, अंकल? पहले राउंड में तो एकदम बढ़िया थी."

भूषणराव शेजारीच उभे होते. केशवराव माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "पुरानी गाडी है, साहब. दगा दे गई."

इतकी वर्षं ज्यांनी मला पुसलं, त्यांच्या तोंडचं माझ्याबद्दलचं हे शेवटचं वाक्य. मी ते विसरलेले नाही.

त्याच दुपारी जेवण झालं. भूषणरावांच्या ताटात तेहतीस अनारसे आले, वर तांब्याचा दिवा आला. हात धुताना ते सहज म्हणाले, "मामाजी, आता हे गाडी कोणाच्या कामाची नाय. मले देऊन टाका. स्टुडिओच्या मागे बगिच्यात ठेवतो, लग्नाआधीचे फोटो काढायले पोरंपोरी येतात."

"न्या ना," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "घरातून जाणारच होती ते."

दुसऱ्या दिवशी मला न्यायच्या आधी तेजस्विनीनं दुकानात माझा गिअरबॉक्स उतरवला. क्लचप्लेट काढून तिनं केशवरावांपुढे टेबलावर ठेवली. प्लेट निळी-काळी पडली होती, कडा भुरभुरत होत्या.

"बाबा, हे एका फेरीत जळत नाय."

ते वाइंडिंगची तार गुंडाळत राहिले.

"मी वर गेली होती तवा गाडी कोणी चालवली?"

"आता काऊन विचारतं? झालं ना ते."

"कोणी चालवली, बाबा?"

"पोरी, महिना कोणता होता?" त्यांनी तार खाली ठेवली. "चार लोकायसमोर किल्ली मागितली. मी का नाय म्हणू?"

"मले तं सांगता आलं असतं. मी का जवाईबापूले बोलली असती? मी फक्त क्लच सांभाळला असता."

त्यांनी ती प्लेट फडक्यात गुंडाळून खणात ठेवली. तिनं मात्र ती गोष्ट आईला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही. दिलेला शब्द पाळला. पोराकडच्यांना होकार गेला.

आता मी निर्मलला आहे. तेल गळतं, हिरवळ खराब होते म्हणून भूषणरावांनी माझं इंजिन काढून विकलं. आरशाला प्लास्टिकची फुलं बांधली. रोज कुणीतरी जोडपं येतं, माझ्यात बसतं, वाऱ्यावर चालल्यासारखे केस उडवतं. केस उडवायला एक पंखा लावलेला असतो.

मागच्या महिन्यात तेजस्विनी आली. घरचीच म्हणून फोटो फुकट होते. बरोबर सुरेंद्र, तिचा होणारा नवरा; सरळ माणूस वाटला. ती आली आणि काही विचार न करता उजव्या दारानं आत बसली. तिचे हात स्टिअरिंगवर आले. मला वाटलं, माझ्यात अजून काहीतरी शिल्लक असावं.

"मॅडम, तुमी तिकडे बसा," स्टुडिओत कामाला असलेला फोटोवाला म्हणाला. "चालवायच्या जागी नवरदेव."

"बसू द्या ना त्यायले," सुरेंद्र म्हणाला.

"नाय सर. फोटो उलटा वाटते."

ती उतरली. माझ्या मागून फेरी घालून डाव्या बाजूला येऊन बसली. सुरेंद्रनं गमतीनं स्टिअरिंग फिरवलं, तोंडानं आवाज काढला आणि गिअरचा दांडा पुढे ढकलला. त्या क्षणी तिचा डावा पाय रिकाम्या पत्र्यावर जोरात दाबला गेला. तिथं क्लच नव्हता. तिनं पाय तसाच दाबून ठेवला.

"हसा ना मॅडम," फोटोवाला म्हणाला.

ती हसली. फोटो छान आला, तो स्टुडिओच्या काचेत लावला आहे. निर्मलला आलात तर तुम्हालाही दिसेल. तिच्या चेहऱ्याकडे पाहून फसू नका एवढंच माझं मागणं आहे. तो पाय फोटोत आलेला नाही.