गोठवू नका

मी एक जुना फ्रीज आहे. पण मित्रांनो, भाजी, दूध, सरबत यांच्याशी माझा कधीच संबंध आला नाही. मी जन्मापासून लसींचा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या दाराचं रबर इतकं घट्ट होतं की उघडायला दोन हात लागायचे. दवाखान्याच्या मागच्या खोलीत औषधांच्या कपाटाला खेटून मला उभं केलं, आणि नर्सताईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावलं, "यात कुणी आपला जेवणाचा डबा ठेवला तर माझ्याशी गाठ आहे." मला ते फार आवडलं.

पुढे तापाची साथ आली आणि माझं नशीब फळफळलं. नव्या पद्धतीची लस आली. तिला कडक थंडी लागायची, म्हणून कोठी सांभाळणाऱ्या भाऊंनी माझं बटण पार टोकाला फिरवलं. मोठ्या डॉक्टरांनी माझ्या दारावर हात ठेवून फोटो काढून घेतला. मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

समोरच्या भट्टीतले पाववाले काका मात्र लस घ्यायला येईनात. पिठाने त्यांची छाती आधीच कामातून गेलेली. आमच्या चार पायऱ्या चढताना ते दोनदा थांबायचे. ताई रोज मागे लागत.

"नवी नको, ताई," ते म्हणायचे. "लहानपणी आईने मला टोचून आणलं ना, तसलं जुन्या पद्धतीचं आणा. मेलेल्या जंतूंचं. डोळे मिटून दंड पुढे करतो."

"अहो, दोन्ही चांगल्याच आहेत."

"असतील. पण मला भीती वाटते, त्याला मी काय करू?"

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. जुन्या पद्धतीच्या लसीसाठी तीन महिने त्यांनी वरच्या कचेरीचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे एक खोका आला. काकांनीही आपल्यासारखीच कां-कूं करणारी गल्लीतली बारा माणसं गोळा केली.

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'गोठवू नका'. भाऊंनी तो माझ्यात सारला, "लस म्हटली की थंडी हवीच," असं म्हणाले आणि दार लावून टाकलं. बटण टोकालाच राहिलं. त्या लसीला नुसता गारवा लागतो; बर्फ झाला की ती वाया जाते. मी दोन दिवस तिला गोठवत राहिलो. मला तोंड असतं तर बोंब ठोकली असती.

ठरल्या दिवशी काका बाही वर करून बसले. ताईंनी बाटली हलवून उजेडात धरली. तळाशी गुठळ्या बसल्या होत्या.

"देऊन टाका," भाऊ पुटपुटले. "कुणाला कळतंय?"

ताईंनी बाटली खाली ठेवली. "काका, ही गोठून खराब झाली. चूक आमची आहे. आज नवी तरी घ्या, तुमच्या पाया पडते."

काकांनी आपल्या उघड्या दंडाकडे पाहिलं. मग त्यांनी बाही खाली घेतली. "साधी जुनी सांभाळता आली नाही तुम्हाला," ते म्हणाले. "आणि नवीवर विश्वास ठेवू?" त्यांच्यामागून बाराही जण उठून गेले.

दुसरा खोका यायला सहा आठवडे लागले. काका चौथ्या आठवड्यात तापाने गेले.

दुसरा खोका येण्याआधी नवी लस दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवली, माझं बटण मागे आलं, दारावर 'गोठवू नका' अशी चिठ्ठी लागली. मोठ्या डॉक्टरांनी चिठ्ठीशेजारी उभं राहून पुन्हा फोटो काढला. मला त्या दिवशी माझी लाज वाटली.

लस घ्यायला पाववाल्या काकांच्या काकू तेवढ्या एकट्या आल्या. बाटली हलवून दाखवा म्हणाल्या, नीट पाहिली, मग दंड पुढे केला. जाताना त्या माझ्यापुढे थांबल्या आणि बोट फिरवत त्यांनी चिठ्ठी वाचली.

"दोनच तर शब्द आहेत," त्या भाऊंना म्हणाल्या.

मित्रांनो, माझ्या दाराचं रबर आता सैल पडलंय, अंगाला गंज चढलाय. मला रंग देऊ नका, माझं कौतुकही नको. पण कुणी बिचकत बिचकत तुमच्या भरवशावर दंड पुढे करणार असेल, तर त्याच्यासाठी आलेल्या खोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. समोरची भट्टी अजून थंडच आहे.