कारंज्याभोवतीची हरळी

डोंगरकडा गावच्या किसनराव देशमुखांनी मळ्यात बंगला बांधला आणि हैदराबादेत पाहिली तशी बाग करायची म्हणून तीन वर्षं अख्ख्या गावाला कामाला जुंपलं. विहीर खोदली, गुलाबाचे वाफे आखले, मधोमध कारंजं बसवलं. एकोणीसशे सदतीस सालच्या दसऱ्याला परभणीहून मोठे साहेब बाग बघायला येणार होते.

भिकाबाई पहिल्या कुदळीपासून तिथं होती. नवरा गेल्यावर तिला या बागेनंच सावरलं. काम खुरपणीचं, पण जीव असा जडला होता की गुलाबाला कळी आली तरी घरी जाऊन सुनेला सांगायची. आपल्या खुरप्याखालून तण सुटत नाही, याचा तिला भलता ताठा होता.

श्रावणात देशमुख माळ्याला घेऊन रोपं आणायला हैदराबादेला गेले. इकडे भिकाबाई गुलाब आटोपून त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच कारंज्याकडे वळली. बघते तर काय, भोवती पाच गुंठे नुसती हरळी! वर तिला पाणीही दिलेलं. माळी कामचुकार, हे तिचं मत आधीपासूनचं होतंच. आता खात्री पटली. तीन बायका हाताशी घेऊन तिनं आठ दिवस जमीन खणली, मुळ्या वेचल्या आणि बैलांपुढं टाकल्या. मग मालक कधी येतात आणि शाबासकी देतात, याची वाट बघत बसली.

मालक आले आणि जागच्या जागी थिजले.

"हे काय करून ठिवलं?"

"हरळी काढली जी. एक मुळी ठिवली न्हाई."

"अगं, मी लावली व्हती ती! सायबाला बसाया हिरवळ!"

हरळी लावतं का कुणी? भिकाबाईला आधी थट्टाच वाटली. मग मालकांचा चेहरा दिसला आणि तिनं हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"चुकलं, मालक. उद्यापासून येत न्हाई म्या," ती म्हणाली, पण बागेशिवाय दिवस कसा जायचा, या विचारानं तिला रडू फुटलं.

ओसरीवर अनुसूयाबाई, देशमुखांच्या पत्नी, तोंडाला पदर लावून हसत होत्या. "तिला काहून बोलता? माझी आई असती तर तिनंबी हेच केलं असतं."

देशमुखही शेतकऱ्याचंच पोर. त्यांना हसू आवरेना. "जाऊ नको कुठं. जिथं मिळंल तिथून आण, अन् तुझ्या हातानंच लाव."

टोपली घेऊन भिकाबाई शेतोशेत हरळी मागत फिरली. म्हातारीला चळ लागला, असं लोक म्हणाले. तिनं मुकाट्यानं एकेक काडी रोवली. आणि नेमकी पावसानं दडी मारली. काड्या पिवळ्या पडू लागल्या. ती विहिरीवरून घागरी वाहून थकली. शेवटी एका सकाळी ओल्या मातीवर हात टेकून बसली आणि जिचा जन्मभर नायनाट केला तिलाच काकुळतीनं म्हणाली, "जग गं माय. माझ्यासाठी जग."