दारामागची बादली

बाथरूमच्या आतली कडी निघता निघेना. वरचे स्क्रू निघाले, खालचा गंजून बसला होता. चिंधूने त्यावर घासलेट सोडलं आणि पेचकस पुन्हा लावला.

"का जी भाऊजी, चांगल्या कडीले काहून खोलून राहिले?"

कुंपणापलीकडे शेजारीण शकुनबाई उभी होती. हातात भाजीची परात, डोळे इकडे.

"जंग लागला," चिंधू म्हणाला.

"सून कुठं हाय?"

"तलावावर गेली. धुणं घेऊन."

"अन् तिच्या मागं तुमी कडी खोलून राहिले!" शकुनबाई हसली. ते हसणं चिंधूला आवडलं नाही. पण उत्तर द्यायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, म्हणून तो पेचकस पिळत राहिला. स्क्रू सुटला. कडी खिशात टाकून तो तलावाकडे निघाला. सून प्रतिक्षा एकटी पाण्यापाशी गेली होती आणि त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता.

त्या दाराची कडी त्याने काढली ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा काढली तेव्हा त्याची बायको मंगलाबाई होती.

मंगलाबाईला मिरगी होती. लग्नाच्या वेळी तिच्या माहेरच्यांनी ते सांगितलं नव्हतं. पहिल्याच उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना ती झाडाखाली पडली, तोंडाला फेस आला, तेव्हा कळलं. गावातल्या लोकांनी सांगितलं, फसवलं तुले, नेऊन सोड माहेरी. चिंधू घरी आला आणि न्हाणीच्या दाराची कडी काढून टाकली. आत पडली तर दार उघडता आलं पाहिजे, एवढंच त्याला सुचलं. पुढे घर बांधलं, तेव्हाही ते दार तसंच बिनकडीचं नव्या बाथरूमला बसवलं. ती आंघोळीला गेली की तो अंगणात पाठ करून बसायचा. ती अधूनमधून तांब्या बादलीवर वाजवायची. टण. म्हणजे मी ठीक आहे. आवाज थांबला की चिंधू उठायचा. लाखनीच्या राईस मिलमध्ये त्याचा जन्म गेला. यंत्राचा पट्टा सैल झाला की डोळे मिटूनही त्याला आवाजावरून कळायचं. तसंच हे.

शेवटची काही वर्षं भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तिची गोळी बदलून दिली होती. झटके कमी झाले, पण बाई वाळत गेली. भूक मेली. बोटांना मुंग्या यायच्या, बोलता बोलता शब्द हरवायचा. "ते द्या ना जी, ते... वरण ढवळाचं," असं म्हणून हात हलवत राहायची आणि मग स्वतःच हसायची. मिलमधून येताना त्या गोळ्या चिंधूच आणायचा. इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं, पण पट्टी दुरून ओळखायचा. चंदेरी पाठ, निळी रेघ, आत पिवळी गोळी.

एकदा धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती पऱ्ह्यांची, म्हणजे रोपांची, पेंडी आणायला एकटी शेजारच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात गेली. बाया गाणं म्हणत होत्या, कोणाचं लक्ष नव्हतं. घोट्याएवढं पाणी होतं बांधीत. झटका आला, पालथी पडली आणि तेवढंच पुरलं.

त्यानंतर दोन रोवण्या झाल्या. मधे मुलाचं, प्रफुल्लचं, लग्न झालं. लग्नाआधी त्याने दाराला चकचकीत स्टीलची कडी लावली. चिंधूला बरं वाटलं होतं. आता घरात कडी लावायला हरकत नाही, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

परवा तो तांदूळ काढायला कोठीत हात घालून बसला आणि बोटांना पट्टी लागली. चंदेरी पाठ, निळी रेघ. त्याने पेटी उघडली, मंगलाबाईच्या लुगड्यात ठेवलेली रिकामी पट्टी काढली आणि दोन्ही शेजारी धरल्या. तीच. मग त्याने तांदळाची कोठी जशी होती तशी झाकून ठेवली.

आणि मग सगळंच जुळत गेलं. प्रतिक्षा महिना-दोन महिन्यांपासून पानावर बसते आणि न जेवताच उठते. बोटं झटकते. काल सांडशी मागताना अडली होती, "मामाजी, ते... चुलीवरचा गंज उतरवाचं ते..." आणि गोंधळून स्वतःच उठली होती. म्हणजे तिलाही आहे. म्हणजे तिच्या माहेरच्यांनीही लपवलं. तिचे वडील यादोराव लग्नाच्या बैठकीत प्रत्येक गोष्टीला कसे पटापट हो म्हणत होते! चिंधूला तेव्हाच ते खटकायला हवं होतं.

कोणाला सांगावं? प्रफुल्लला सांगितलं तर तो तिला एकोडीला, माहेरी, सोडून येईल. भंडाऱ्याला फायनान्स कंपनीत वसुलीला होता, बोलण्यात तसाच करडा झाला होता. तिला विचारावं तर ती घाबरेल, आणि कुंपणापलीकडे शकुनबाई होतीच. म्हणून चिंधूने जे एकदा केलं होतं तेच केलं. कोणाला न सांगता कडी काढली.

तलावाच्या पाळीवर तो पळसाखाली बसला. प्रतिक्षा पायरीवर धुणं आपटत होती. मान वळवली तेव्हा तिने त्याला पाहिलं. हात थांबला.

"मामाजी? तुमी इथं?"

"असाच आलो. वारा खाले."

तिने खोचलेलं लुगडं खाली ओढलं आणि अर्धं धुणं तसंच ओलं गोळा करून घरी आली. तिच्या मागे थोडं अंतर ठेवून तो आला. 'लपवून राहिली,' त्याला वाटलं.

संध्याकाळी तिने दाराच्या कडीची जागा पाहिली. नुसती भोकं. ती बराच वेळ तिथे उभी राहिली. त्या रात्री जेवताना तिने त्याला वाढलं, पण ताट हातात दिलं नाही. खाली ठेवून सरकवलं.

सकाळी प्रफुल्लची मोटारसायकल गेली. प्रतिक्षा आंघोळीला गेली. चिंधू अंगणात पाठ करून बसला आणि कान लावून बसला. आतून फरशीवर काहीतरी जड घसटत आल्याचा आवाज आला. भरलेली बादली. दाराच्या मागे लावलेली.

दार आत उघडतं. ही पडली तर बादली आणि वरून तिचं अंग, दोन्ही दाराला लागणार. बांधीत मंगलापर्यंत पोचायला निदान धावता तरी आलं होतं.

"बाई," तो दारापाशी जाऊन म्हणाला, "दारामागची बादली काढ."

आतला पाण्याचा आवाज थांबला.

"बादली काढ वो बाई, मी सांगून राहिलो ना!"

थोड्या वेळाने ओल्या केसांनी, लुगडं कसंबसं गुंडाळून प्रतिक्षा बाहेर आली. त्याच्याकडे न पाहता खोलीत गेली. खोलीच्या दाराला कडी होती. ती वाजली. मग आत फोनवर रडण्याचा आवाज आला. कुंपणापलीकडे शकुनबाईची परात वाजायची थांबली होती.

दुपारी यादोराव आले. उंबऱ्यात आले, पण जयभीम केला नाही. तेव्हा चिंधूला कळलं की गोष्ट मोठी आहे. मागोमाग प्रफुल्ल आला, कामावरून बोलावून घेतलेला. प्रतिक्षा खोलीच्या चौकटीला धरून उभी होती.

"इवाई," यादोराव व्याह्याला उभ्यानेच म्हणाले, "माही पोरगी आंघोळ करते तवा तुमी दाराशी काय करता?"

चिंधूला प्रश्न समजायला वेळ लागला. समजला तेव्हा त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने प्रफुल्लकडे पाहिलं. प्रफुल्ल जमिनीकडे पाहत होता. मुलगाही तोच विचार करत होता. बापाबद्दल. हे चिंधूला सगळ्यात जास्त लागलं.

"कडी तुमी काढली?"

"हाव."

"तलावावर मागं गेले?"

"हाव."

"लाज नाई वाटत? बायको मेली मनून—"

"थांबा." चिंधू आत गेला. पेटीतली पट्टी आणली, तांदळाच्या कोठीतली पट्टी आणली आणि दोन्ही बाजेवर ठेवल्या. "आता मी इचारतो. पोरीले मिरगी कवापासून हाय? बैठकीत काहून नाई सांगतली?"

यादोरावांचं तोंड उघडं राहिलं. "मिरगी? कोणाले?"

"मले फसवता काय इवाई? ही गोळी मी वर्षानुवर्षं आणली. ही मिरगीचीच हाय. मंगलाले हेच चालू होती."

"मंगलाबाईले?" यादोराव बसले. "त्या तं हार्टनं गेल्या ना? तुमच्या पोरानं सांगतलं आमाले. हार्ट."

चिंधू प्रफुल्लकडे वळला.

"हार्ट?"

"बाबा, मिरगी सांगतली असती तं कोणं पोरगी दिली असती? लोक म्हंतेत खानदानी रोग हाय."

"तुह्या मायचा हार्ट..." चिंधूने बाजेवरची रिकामी पट्टी उचलली. "तिचा हार्ट लोखंडाचा होता. ते बांधीत मेली. चिखलात. मी उचलली तिले."

"म्हंजे लपवलं कोणं?" यादोराव हळू म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता, पण डोळे अजून चिंधूवरच होते. मग ते मुलीकडे वळले. "अन् तू वो? हे कायले खाते?"

प्रतिक्षा चौकटीवरचा रंग नखाने खरवडत होती.

"वजन कमी व्हावं मनून," ती म्हणाली.

"काय?"

"लाखनीले हायवेवर दवाखाना हाय एक. माही मैत्रीण घेऊन गेली. डॉक्टर म्हणे, हे मिरगीची गोळी हाय, पण भूक मारते, घाबराचं काम नाई, लय जण घेतेत. मिरगीची हाय मनूनच लपवली. कोणी पायलं तं काय म्हणन?"

"पण वजन कायले कमी कराचं? चांगली तं हायस!" यादोराव म्हणाले.

"यायले इचारा." तिने प्रफुल्लकडे हनुवटी केली. "लग्नाचा फोटो पाठवून दोस्ताले म्हंत होते फोनवर. बायको नाई, ट्रॅक्टर आणला घरी."

"मजाक होती ते," प्रफुल्ल पुटपुटला.

"मले मजाक नाई वाटली."

चिंधू बाजेवर बसला. मंगलासाठी तो सणावाराला गोडाचं आणायचा, ताटात वाढत राहायचा. ती म्हणायची, नको जी, जात नाई. हाताच्या काड्या झाल्या होत्या तिच्या. आणि ही पोरगी पैसे देऊन तेच विकत आणते.

"बाई," तो म्हणाला, "माह्या बायकोले या गोळीनं काडी केली. जिवंत राहाचं होतं मनून घेत होती ते. तू कायले घेते?"

प्रतिक्षाने पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं. "कडी त्याच्याचसाठी काढली तुमी?"

"आत पडली तं दार उघडलं पायजे. मंगला असताना बी नव्हती कडी. ते तांब्या वाजवे बादलीवर. मी पाठ करून तिथं बसो." त्याने अंगणातल्या दगडाकडे बोट केलं. "आवाज आला म्हंजे ठीक."

"मंग तोंडानं काहून नाई सांगतलं?"

"तुले नेऊन सोडलं असतं यानं."

प्रफुल्लने तोंड वर केलं नाही.

यादोरावांनी मुलीला त्या दिवशी सोबत नेलं नाही. पण जाताना तिला बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी विचारलं. चिंधूने ते पाहिलं. बापाने विचारावंच, असं त्याला वाटलं, तरी ते त्याला टोचलं. उंबऱ्यावर यादोरावांनी हात जोडले, "जयभीम इवाई." चिंधूनेही जयभीम केला. दोघांचेही आवाज बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लने रजा घेतली आणि तिघं भंडाऱ्याला मंगलाबाईच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि प्रतिक्षाला खडसावलं. गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत, म्हणाले. एकदम सोडल्या तर ज्याला मिरगी नाही त्यालाही झटका येऊ शकतो. थोड्या थोड्या कमी करायच्या. तोवर पाण्यापाशी, चुलीपाशी एकटं राहायचं नाही. हे ऐकताना प्रतिक्षा एकदाच चिंधूकडे पाहून खाली पाहू लागली. परत येताना प्रफुल्लने लाखनीला गाडी थांबवून तिच्यासाठी गरम भजी घेतली. तिने दोन खाल्ली आणि पुडा सासऱ्याकडे दिला. नवऱ्याशी ती बोलत नव्हती.

घरी आल्यावर चिंधूने खिशातून कडी काढली. स्क्रूंना तेल लावलं आणि एकेक बसवत गेला.

"का जी भाऊजी," कुंपणावरून आवाज आला, "पुन्हा लावली कडी?"

"जंग निघाला."

"एवढ्यात?"

"हाव. एवढ्यात."

शकुनबाई बराच वेळ तिथेच उभी होती. यापुढे ती अशीच उभी राहणार होती आणि गावाला काय सांगायचं ते सांगणार होती. खरं काय ते सांगितलं तर सुनेचं नाव निघालं असतं. चिंधूने शेवटचा स्क्रू आवळला.

सकाळी प्रतिक्षा टॉवेल घेऊन आंघोळीला निघाली. चिंधू दगडावरून उठला, दगड उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला, रस्त्याच्या बाजूला नेऊन ठेवला. तिथे बाथरूमकडे पाठ करून बसला. मांडीवर सूप घेतलं, तांदळातले खडे वेचायला लागला.

मागे दार लागलं. मग कडी लागली. चांगली जोरात, दोनदा हलवून पाहिलेली.

चिंधूचे हात सुपावर थांबले. रस्त्यावरून एक सायकल गेली. पाणी पडल्याचा आवाज आला, मग थांबला. तो वळला नाही.

टण.

चिंधूने एक खडा वेचला आणि रस्त्यावर टाकला. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला. टण.