पडद्याआडची टाकी

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. हैदराबाद संस्थानात पेट्रोल कुपनावर मिळे, आणि जालना ते वाटूर धावणाऱ्या बद्रीनाथच्या लहानशा लॉरीला ते काही पुरत नसे. जालन्याच्या मस्तगड भागात उतारू सकाळपासून गाठोडी घेऊन बसत आणि ‘आज मोटार न्हाई’ हे ऐकून मुकाट्याने परत जात. अशा वेळी सरळ माणूस फेऱ्या कमी करतो. बद्रीनाथ मात्र स्वतःला हुशार समजत होता. त्याने चोरटं पेट्रोल मिळवण्याची वाट शोधून काढली. अडचण एकच होती, ते ठेवायचं कुठे?

डबे वाटूरच्या नाक्यावर झडतीत सापडले असते. म्हणून पत्र्याला डाग देण्याचं काम करणाऱ्या मुनीरकडून त्याने एक चपटी जादा टाकी करून घेतली. मुनीर म्हणाला, बाहेरून खाली टांगू. बद्रीनाथने ती आत बसवून घेतली, तीही बायकांच्या बाकाखाली. लॉरीच्या मागच्या कोपऱ्यात बायकांसाठी गोणपाटाचा पडदा होता. नाक्यावरचा जवान सगळी मोटार धुंडाळी, पण त्या पडद्याला कधी हात लावत नसे. उलट तिकडे पाठ करून उभा राही. बद्रीनाथने नेमकं हेच हेरलं होतं.

फेऱ्या वाढल्या. लोक त्याला दुवा देऊ लागले, आणि आपण लोकांची सोयच करतो आहोत, अशी समजूत त्याने करून घेतली. माणसाला स्वतःची समजूत घालायला वेळ लागतो थोडाच!

पण मन खात होतं. बांगड्या विकायला वाटूरच्या बाजारी जाणारी रहिमुन्निसा त्याच्या मोटारीची नेहमीची उतारू. तिला तो खाला, म्हणजे मावशी, म्हणे. आत वास येतो, डोकं चढतं, असं तिने एकदा सांगितलं. बाकाला नवा रंग दिलाय, असं तो सहज बोलून गेला. तिने लगेच विश्वास ठेवला, आणि तेच त्याला लागलं. त्या दिवसापासून तिच्याकडे सरळ बघायची त्याला चोरी झाली. दुपारी भाकरीचा घास मोडला की हाताला तोच वास येई.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी सोनूबाई नावाची बाळंतीण सव्वा महिन्याचं लेकरू घेऊन वाटूरला सासरी निघाली. सोबत तिची आई सगुणाबाई होती. त्यांच्या घरची रीत अशी, की बाळंतिणीच्या बाजेखालचा विस्तव विझू द्यायचा नाही, राखेखाली झाकून सासरच्या चुलीपर्यंत पोचवायचा. सगुणाबाई लुगड्याच्या पदराखाली ते विस्तवाचं मडकं घेऊन पडद्याआड रहिमुन्निसाशेजारी बसली. बद्रीनाथने पाहिलंच नाही. त्या पडद्यामागे न बघायची सवय त्यालाही लागली होती.

वाटूर कोसभर राहिलं असेल. मोटारीने एका खड्ड्यात जबर धक्का खाल्ला, आणि लगेच पडद्याआडून फळीवर थापा पडू लागल्या. बद्रीनाथने मोटार थांबवली आणि मागे धावला. पडद्यातून बांगड्यांनी भरलेला एक हात बाहेर आला. हातात मडकं होतं.

“बद्रीनाथभाऊ, हे पकडा. दूर न्या, जल्दी!” रहिमुन्निसा आतून म्हणाली.

त्याने मडकं घेतलं. तळ चटकला. राख थोडी सरकली होती आणि खाली निखारे लाल दिसत होते. बाकाखालून पेट्रोल ठिबकत होतं, कारण धक्क्याने टाकीच्या सांध्याचा डाग सुटला होता. बद्रीनाथने धावत जाऊन मडकं दूर बांधावर ठेवलं.

तो परतला तेव्हा सगळे खाली उतरले होते. गडीमाणसं सगुणाबाईला फैलावर घेत होती. मोटारीत विस्तव आणतात का, बायकांना अक्कल कशी ती नसते, विझवा ते आधी! ठिबकतं ते मोटारीचंच असणार, असं सगळे धरून चालले होते. सगुणाबाईने हात जोडले.

“चुकी माझीच झाली, भाऊ,” ती बद्रीनाथला म्हणाली. “माफ करा.”

सुटकेचा दरवाजा उघडा होता. गप्प बसलं की झालं. आणि खरं सांगायचं तर तो क्षणभर गप्प बसला.

रहिमुन्निसा जवळ आली. आवाज चढवला नाही.

“आजच बाकाखाली हात घातला म्या. रंग न्हाई तिथं.”

“खाला, आत विस्तव हाय हे मला म्हाईत न्हव्हतं.”

“आमच्या खाली पेट्रोल हाय, हे आम्हाला तरी कुठं म्हाईत होतं? नाक्यावरचा जवान पडदा उचलत न्हाई, आमची अदब ठेवतो. तुम्ही त्या अदबीखाली चोरी लपवली. आन् ही बाई तुमची माफी मागून राह्यली. ऐकवतं तुम्हाला?”

ऐकवत नव्हतं. बद्रीनाथ शरमेने काळवंडला. तो लोकांपुढे उभा राहिला आणि टाकी कुणाची, कशासाठी आणि तिथेच का बसवली, ते सगळं त्याने सांगून टाकलं. सोनूबाईने लेकरू फक्त घट्ट धरलं आणि मोटारीपासून चार पावलं मागे सरकली. शिव्या सोसल्या असत्या, ती चार पावलं मात्र त्याला सोसली नाहीत.

कुणीतरी निखाऱ्यांवर माती टाकायला निघालं. बद्रीनाथने अडवलं.

“विस्तवाचा काय कसूर? मी नेतो.”

मोटार तिथेच सोडून, धोतराच्या सोग्यात धरलेलं मडकं घेऊन तो पायी निघाला. मागून बायका आल्या. नाक्यावर त्याने जवानाला आपणहून सगळं सांगितलं. मोटारीला सील लागलं आणि पुढे बरेच दिवस ती उभी राहिली. सोनूबाईच्या सासूने मडकं उंबऱ्यावर घेतलं, राख फुंकली. निखारा जिवंत होता. आपण काय जाळून बसलो असतो, हे तेव्हा बद्रीनाथला पुरतं कळलं आणि तो अंगणातच रडला.

पुढे मोटार सुटली ती जादा टाकीवाचून. फेऱ्या निम्म्या झाल्या, पण निघण्याआधी तो पडद्याबाहेरून विचारी, “खाला, आत सगळं ठीक?”

बंधुभगिनींनो, कुणी आपल्यावर विश्वास टाकून डोळे मिटतं, कुणी अदबीने पाठ फिरवतं. त्या आडोशाला आपली लबाडी ठेवू नका. ती ठेवतो आपण, पण तिच्यावर बसलेलं असतं दुसऱ्याचं लेकरू!