कधीच न भरणारा खड्डा

यांगडोलनं संडासाच्या खालच्या खोलीचं दार उघडलं आणि फावडं टेकवून ती तशीच उभी राहिली. दरवर्षी नांगरणीच्या तोंडावर इथं छातीभर खत असायचं. वरच्या खोलीत भोकावर बसायचं, उठताना माती आणि चुलीतली राख खाली लोटायची. हिवाळाभर साचून ते काळं, भुसभुशीत व्हायचं, वास मरून जायचा. लडाखच्या त्या गोट्यांच्या जमिनीत सातू पिकायचा तो याच्यावरच. यंदा ढीग गुडघ्यालाही लागत नव्हता.

गाढवं घेऊन आलेले शेजारचे मेमे, म्हणजे आजोबा, फुंचोक आत डोकावले. गावचा कारभार म्हाताऱ्याकडंच होता.

"काय गं, हिवाळाभर उपाशी होता का समदी?"

"पोरगा अन् पाहुणं नव्या संडासात जात्यात, मेमे. मी एकटी किती घालू?"

मेमे हसले, मग आवाज खाली आणून म्हणाले, "झऱ्याचं पाणी घाण मारतंय, यांगडोल. नात तीन दिस झालं हगतीय."

पुढं काही बोलायची गरज नव्हती. तिच्या पोरानं, नुरबूनं, पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या, तेव्हा संडासाचा खड्डा झऱ्याच्या बरोबर वरच्या अंगाला खणला. तळाला नुसती वाळू. ओतलेलं पाणी घटकेत गुडूप व्हायचं. खड्डा कधी भरतच नाही, याचं नुरबूला केवढं कौतुक! आणि त्या झऱ्यात ल्हू, पाण्यातले नागदेव, राहतात म्हणून यांगडोलनं उभ्या जन्मात तिथं पायसुद्धा धुतले नव्हते.

ती तडक वर गेली. नुरबू पाहुण्यांची अंथरुणं झटकत होता.

"त्यो संडास बंद कर. झरा नासला."

"आमा, राखंच्या भोकावर बसवू पाहुण्यांना? एक रात ऱ्हायचं न्हाईत."

"न्हाई ऱ्हायलं तर न्हाई!"

"मग जातो खिंडीत रस्ता फोडायला. जाऊ?"

त्याच कामावर असताना खिंडीतल्या बर्फानं त्याच्या पायाची चार बोटं खाल्ली होती. यांगडोलची नजर त्याच्या डाव्या मोज्यावर गेली. ती खाली आली.

"मेमे, माझ्यानं न्हाई व्हायचं. तुमी कारभारी. समद्यांसमोर सांगा त्याला, खड्डा बुजव म्हणून."

मेमे गाढवाच्या पाठीवरचा गवताचा चुरा झटकत राहिले.

"लामांना सांगावा धाडलाय. ल्हूला दूध घालू."

"अन् खड्डा?"

"कुठल्या तोंडानं सांगू गं? माझ्या पोरानं काल खणाया घेतलाय. सोनमच्या घरीबी आखलाय. जागा दावायला तुझ्या नुरबूलाच बोलावलंय."



"मग पाणी?"

"नदीवरनं."

नदीपर्यंत उतरायला तासभर, वर चढायला दोन. खत भरायला आणलेल्या रिकाम्या गोण्या यांगडोलनं गाढवांवरून खाली ओढल्या आणि त्यांच्या जागी पाण्याचे डबे बांधायला घेतले.