फाटकाबाहेरचं वळण

फाटकाबाहेर जेमतेम ट्रक मावेल एवढी गल्ली, आणि बाहेर पडताच डावीकडे काटकोनात वळायचं. थोरल्या वहिनींनी वीस वर्षं बस चालवली होती, वळणाची त्यांना धास्ती नव्हती. पण आज गाडीमागे नवऱ्याचं चाकांवरचं फिरतं घर जोडलेलं होतं. नवरा गेल्यापासून तीन वर्षं ते दिराच्या अंगणात उभं होतं आणि दीर ते आपलंच धरून चालला होता. वकिलाची नोटीस गेली तेव्हा कुठे तो वरमला.

वरमला म्हणजे काय, तर आज बरोबर फाटकासमोर, पलीकडच्या भिंतीला चिकटवून, त्याने स्वतःची गाडी लावून ठेवली होती.

"भाऊजी, तेवढी गाडी काढा. वळताना घराची चाकं आत कापतात. आधी सरळ पुढे गेल्याशिवाय मला वळता यायचं नाही."

"किल्ली सापडत नाहीये," दीर म्हणाला. शोधायला मात्र जागचा हलला नाही. "एवढी वर्षं बस हाकलीत ना? दाखवा की करामत!"

वहिनींनी गिअर टाकला. त्याच्या गाडीपासून वीतभर अंतर राहीपर्यंत त्या पुढे गेल्या, मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे कापलं. डाव्या आरशात घराचं चाक थेट फाटकाच्या खांबावर येताना दिसलं. थांबल्या. स्टिअरिंग उलटं फिरवत मागे घेतलं, पुन्हा पुढे. चौथ्या खेपेलाही तेच. आता तर दीर हाताची घडी घालून खांबाला टेकून उभा राहिला होता.

"या, या! खांब पाडा, म्हणजे पुन्हा वकिलाकडे भेटू."

क्षणभर वहिनींच्या मनात आलं, द्यावा ॲक्सिलरेटर दाबून. स्वतःचीच भीती वाटून त्यांनी हँडब्रेक ओढला. घर अंगणात मागे घेतलं, उतरल्या आणि हूक सोडवायला लागल्या. मोकळी गाडी त्यांनी गल्लीत डावीकडे नेऊन उभी केली. घर हाताने ओढायला गेल्या, तर ते हातभर सरकून अडलं.

तेवढ्यात धाकटी जाऊ पदराला हात पुसत बाहेर आली आणि तिने मागून खांदा लावला.

"तू कशाला मध्ये पडतेस?" दीर खेकसला.

"तीन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात उजेड नाही या धुडापायी. सरका तिथून!" मग ती वहिनींकडे वळली. "तुमच्यासाठी करत नाहीये, ताई. उगाच गोड बोलायला येऊ नका."

"नाही येत. लाव जोर."

दोघींनी ते इंच इंच बाहेर काढलं, जागच्या जागी फिरवलं. खांब चार बोटांनी वाचला. हूक लागला तेव्हा जाऊ आत निघूनही गेली होती.

मोठ्या रस्त्याला लागल्यावर वहिनींनी गाडी कडेला घेतली. आतलं काही पडलं का बघायला म्हणून त्यांनी घराचं दार उघडलं. आत पलंगावर दिराची उशी होती, शेजारी त्याचा चष्मा, आणि उशाला नवऱ्याचा जुना स्वेटर, नीट घडी घातलेला. माणूस इथे रोज येऊन पडत असणार.

एका शब्दाने बोलला असता तर! त्यांचा संताप कमी झाला नाही, उलट भडकला. चष्मा पोस्टाने पाठवायचा, त्यांनी ठरवलं. स्वेटर नाही.