डोळे मिटून

ठकीला अठरा पूर्ण झाली त्या रविवारी दुकान तासभर आधी उघडलं. तीन खुर्च्यांचं केशकर्तनालय, आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, सुरू केलेलं. त्यांच्या घरात रीत अशी, की पोर अठरा वर्षांचं झालं की त्यानं सगळ्यांदेखत वडिलांची दाढी करायची, तीही उघड्या वस्तऱ्यानं. वडिलांनी डोळे मिटायचे, शेवटपर्यंत बोलायचं नाही. कुठे न कापता दाढी उरकली की पोर मोठं झालं, आणि पुढे घरातल्या प्रत्येक गोष्टीत त्याचं मत विचारायचं.

आजवर हे मुलग्यांनी केलं होतं. ठकी मात्र एकुलती एक. शाळा सुटली की ती दुकानातच रमायची. फुगवलेल्या फुग्याला फेस लावून वस्तरा चालवायला शिकली, तेव्हा पहिल्या महिन्यात इतके फुगे फुटले, की शेजारच्या चष्मेवाल्यानं वाढदिवस कुणाचा म्हणून विचारलं होतं. मुलीच्या हातात वस्तरा बरा दिसत नाही, असं काकांनी आडून आडून सुचवून पाहिलं. बाबांनी कानाडोळा केला.

आता बाबा मधल्या खुर्चीत मान मागे टाकून बसले होते. आई दाराशी उभी होती, काका आरशाजवळ. रोजचे गिऱ्हाईक पोस्टमास्तर बाकावर पेपर उघडून बसले होते, पण पान उलटत नव्हते. ठकीनं वस्तरा पट्ट्यावर घासला, फेस लावला आणि डाव्या हाताच्या बोटांनी गालाची कातडी ताणली. तिचा हात स्थिर होता. बाबांच्या पापण्या मात्र थरथरत होत्या आणि गळ्याची घाटी सारखी वरखाली होत होती.

तिनं वस्तरा खाली घेतला.

"बाबा, भीती वाटतेय का तुम्हाला?"

त्यांनी बोलायचं नसतं, असं काका म्हणाले. पण बाबांनी डोळे उघडले होते.

"गळ्याची नाही गं," ते म्हणाले. "मी माझ्या वेळी अण्णांना कापलं होतं. इथे, जबड्याखाली."

 काकांना हे आजच कळत होतं. अण्णांनी तेव्हा स्वतःच टॉवेल दाबून धरला होता, वर तुरटी फिरवली होती, झालं म्हणून उठले होते, आणि घरादारानं बाबांची पाठ थोपटली होती. तीस वर्षं बाबा ती शाबासकी उसनी असल्यासारखी वागवत आले होते.

"आजोबा काही बोलले नाहीत?" ठकीनं विचारलं.

"संध्याकाळी बोलले. गळा मी माझ्या राजीखुशीनं दिला होता, तेव्हा जखमही माझीच, म्हणाले. मला ते कधी पटलं नाही. तुझ्या हातून तसं काही झालं तर तूही मनाला लावून घेशील, एवढीच धास्ती."

 हातांची परीक्षा म्हणून ठकीनं वर्षभर सराव केला होता. खुर्चीत बसलेल्या माणसालाही काही द्यावं लागतं, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कापलं तर सांगेन मी," ती म्हणाली. "लपवायचं नाही. तुम्हीही नाही."

बाबांनी मान हलवली. फेस वाळला होता, पाणीही गार झालं होतं. काकांनी न सांगता आत जाऊन गरम पाण्याची वाटी आणली आणि तिच्या हाताशी ठेवली.

तिनं पुन्हा फेस लावला. उजवा गाल झाला, ओठावरचं झालं. बाबांनी कधी डोळे मिटले ते तिच्याही लक्षात आलं नाही. जबड्याखाली आली तेव्हा घाटी शांत होती. हनुवटीपाशी जरासं खरचटलं, रक्ताचा ठिपका वर आला. कापलं, असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि तुरटी लावली.

 बाबांना गाढ झोप लागली होती.

आईनं उठवू नकोस अशी खूण केली. पोस्टमास्तरांनी पेपराची घडी घातली, शेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि मान मागे टाकली.